पॉवर प्रेस दुरुस्तीला घेताना: मेन स्विचच्या कुलपापासून पहिल्या रिकाम्या स्ट्रोकपर्यंत

मोटरचं लाल बटण दाबलं, आवाज उतरत गेला, की प्रेस बंद झाला असं बहुतेक जण धरून चालतात. पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मेकॅनिकल पॉवर प्रेसचं फ्लायव्हील, म्हणजे जोर साठवणारं जड चाक, मात्र मोटर बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत असतं, आणि त्या फिरण्यात निदान एक स्ट्रोक (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाची, म्हणजे स्लाइडची, एक फेरी) मारण्याइतका जोर शिल्लक असतो. क्लच म्हणजे फ्लायव्हीलचा जोर स्लाइडकडे जोडणारी कळ. जुन्या रोलिंग की क्लचच्या प्रेसवर अशा वेळी कुणाचा पाय पेडलवर पडला, तर वीज नसतानाही स्लाइड खाली येते. शिवाय हा क्लच एकदा गुंतला की मध्ये कुठे थांबत नाही, फेरी पुरी करूनच सुटतो. डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, अडकलेला तुकडा काढायला गेलेल्या हाताला मागे यायला वेळच मिळत नाही.

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत वाहनांसाठी पत्र्याचे सुटे भाग बनवणारी प्रेस शॉप गल्लोगल्ली आहेत. मोठ्या कंपन्यांत शटडाउनची पद्धत लिहिलेली असते, प्रशिक्षण होतं, ऑडिट होतं. त्यांना माल पुरवणाऱ्या दहा-बारा प्रेसच्या शेडमध्ये मात्र बऱ्याचदा नुसत्या ओरडण्यावर काम चालतं. "चालू करू का रे?" "कर!" मशीनच्या मागे वाकलेल्या तिसऱ्या माणसाला हे ऐकू गेलं की नाही, हे कोणी पाहत नाही. अशा शेडमधल्या फिटर, डाय सेटर, वायरमन आणि मालक यांच्यासाठी दुरुस्तीआधी प्रेसचा सगळा जोर तोडून कुलूप लावण्याची पद्धत सविस्तर लिहितो आहे.

कुलूप लावणं म्हणजे परदेशी कंपन्यांची हौस, असं अजूनही ऐकू येतं. अमेरिकेत लॉकआउट-टॅगआउटचा, म्हणजे कुलूप आणि टॅग लावण्याचा, स्वतंत्र नियम १९८९ साली आला आणि ते नाव जगभर गेलं, हे खरं. पण आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमातलं कलम २४ काढून वाचा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). वीज तोडणारं साधन चुकून 'बंद'वरून 'चालू'वर जाऊ शकत असेल, तर ते बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था हवी, असं त्यात सरळ लिहिलं होतं. कुलपाची अट आपल्याच कायद्यात इतकी जुनी आहे हे मालकाला सांगायला लाजू नका.

आधी कागद, मग पाना

प्रत्येक प्रेससाठी एक पान तयार करा. या प्रेसला जोर कुठून कुठून मिळतो आणि तो कुठे तोडायचा, एवढंच त्यावर हवं. हे पान ऑफिसात बसून लिहू नका. वायरमन, फिटर आणि रोजचा ऑपरेटर अशा तिघांनी प्रेसभोवती फिरून लिहावं, कारण पेडल कुठे अडकतं, स्लाइड कधी हळूच सरकते, हे ऑपरेटरलाच ठाऊक असतं.

न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचचा सी-फ्रेम प्रेस घेतला तर पान साधारण असं भरेल. वीज ४१५ व्होल्टची, मुख्य मोटरला. पण पत्र्याची गुंडाळी उलगडणारा डिकॉइलर, पत्रा सरळ करणारा स्ट्रेटनर आणि तो पुढे सरकवणारा फीडर यांना बहुतेक वेळा वेगळ्या पॅनेलमधून वीज आलेली असते. प्रेसचा मेन स्विच पाडला तरी फीडरचे रोलर चालू होऊ शकतात, म्हणून पानावर दोन्ही आयसोलेटर (वीज तोडणारे स्विच) हवेत. त्यानंतर फ्लायव्हील. मग स्लाइड आणि तिला टांगलेली वरची डाय यांचं वजन; ते कुठल्याही स्विचने बंद होत नाही. हवा तीन ठिकाणी असते: क्लच-ब्रेकच्या लाइनमध्ये, स्लाइडचं वजन पेलणाऱ्या काउंटरबॅलन्स सिलेंडरमध्ये आणि डायखालून पत्र्याला आधार देणाऱ्या डाय कुशनमध्ये. काउंटरबॅलन्स आणि कुशन यांना सहसा स्वतःची टाकी असते आणि वाटेत हवा मागे न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्यामुळे मुख्य लाइनचं गेज शून्यावर आलं तरी टाकीत पूर्ण दाब असू शकतो. दुरुस्तीच्या वेळी नेमकी हीच टाकी विसरली जाते.

शेवटी डाय स्वतः. पंचवरून पत्रा सोडवणाऱ्या स्ट्रिपरच्या स्प्रिंग दाबलेल्या असतात. नायट्रोजन गॅस स्प्रिंग असतील तर त्यांत १५० बारपर्यंत दाब असतो, आणि प्रेसची वीज-हवा तोडून तो कमी होत नाही. अशी डाय प्रेसवर उघडायला घेऊ नका. टूलरूममध्ये, स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितलेल्या रीतीने गॅस सोडूनच उघडायची.

कुलूप कसं हवं

नियम एका ओळीचा आहे: एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. दुरुस्तीत हात घालणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात. दुसरी किल्ली सुपरवायझरकडे ठेवली की कुलपाला अर्थ उरत नाही. माल अडलेला असताना ती किल्ली वापरली जाते. लॉकआउटची कुलपं रंगाने वेगळी ठेवा आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नका. टूलबॉक्सला किंवा लॉकरला तसलंच कुलूप दिसू लागलं की मेन स्विचवरच्या कुलपाचा वचक जातो.

कुलपासोबत टॅग. त्यावर माणसाचं नाव, फोटो, विभाग, काय काम चाललंय, तारीख आणि वेळ. मराठीसोबत हिंदीतही लिहा. आपल्या प्रेस शॉपमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार भरपूर आहेत आणि प्रेस चालू करणारा हात त्यांचाही असू शकतो. नुसता टॅग पुरत नाही. तो चिठ्ठीसारखा असतो, हलवला की निघतो.

एकापेक्षा जास्त जण काम करणार असतील तर हास्प घ्या. हास्प म्हणजे सहा भोकांचा चिमटा. तो स्विचच्या भोकात अडकवायचा आणि त्याच्या भोकांत प्रत्येकाने आपलं कुलूप घालायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत तो उघडत नाही. जुन्या लोखंडी मेन स्विचच्या हँडलला बहुधा कुलपाचं भोक असतंच, फक्त त्यावर रंग चढून ते बुजलेलं असतं. एमसीबीसाठी वेगळा क्लॅम्प मिळतो. फ्यूज काढून खिशात ठेवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत मात्र सोडा. दुसरा वायरमन येतो, फ्यूज दिसत नाही म्हणून दुसरा घालतो, आणि फ्यूज का काढला होता हे विचारायला तिथे कोणी नसतं.

आता प्रत्यक्ष क्रम

सुरुवात सांगण्यापासून. ऑपरेटर, शेजारच्या प्रेसवरचा माणूस, फीडर पाहणारा, क्रेन चालवणारा आणि शिफ्ट सुपरवायझर या सगळ्यांना समोर उभं राहून सांगायचं: अमुक प्रेस दुरुस्तीला घेतोय, अमुक वेळेपर्यंत. फोनवर नाही, निरोप देऊनही नाही.

मग प्रेस नेहमीच्या रीतीने थांबवा. इमर्जन्सी स्टॉप हा नेहमी थांबवायचा मार्ग नाही आणि आयसोलेशन तर मुळीच नाही. ते बटण फक्त कंट्रोल सर्किट तोडतं, पॅनेलमधली वीज तशीच राहते.

स्लाइड कुठे थांबवायची हे कामावर ठरतं, आणि इथे घाई करू नये. काम क्लच, ब्रेक किंवा क्रँकवर असेल तर डाय बंद करून स्लाइड अगदी खाली टेकवून ठेवणं सर्वात बरं. मग पडायला काही उरत नाही. काम डायच्या आत असेल तर स्लाइड वरच ठेवावी लागते, आणि तेव्हा सेफ्टी ब्लॉक, म्हणजे स्लाइड खाली येऊ नये म्हणून मध्ये उभा करायचा आधार, लागतोच.

फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबा. गार्डच्या जाळीतून डोळ्यांनी बघा, आवाजावरून ठरवू नका. शेजारचे प्रेस चालू असताना आवाज फसवतो. लाकडाचा ठोकळा किंवा पहार लावून चाक थांबवू नका. जुन्या प्रेसवर की क्लच असेल तर या सगळ्या वेळात पेडलवर झाकण असू द्या आणि पेडलपाशी कोणाला उभं राहू देऊ नका.

चाक थांबलं की मेन आयसोलेटर पाडा आणि कुलूप लावा. फीडरच्या आयसोलेटरलाही. पॅनेलचं दार उघडून काम करायचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आयसोलेटर पाडला तरी त्याच्या वरच्या, म्हणजे वीज येते त्या बाजूच्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज असतं. तिथे हात लावायचा असेल तर पॅनेलला जिथून वीज येते तो मागचा स्विच बंद करून त्यालाही कुलूप हवं. पॅनेलमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) असेल तर वीज तोडल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. किती मिनिटं थांबायचं ते त्याच्या कव्हरवर लिहिलेलं असतं, तेवढं घड्याळ लावून थांबा.

ब्लॉक आधी, हवा नंतर

या दोन गोष्टींचा क्रम उलटा होतो म्हणून वेगळं लिहितो आहे.

न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसमध्ये हवा क्लच गुंतवते आणि स्प्रिंग ब्रेक लावते. त्यामुळे हवा सोडली की ब्रेक आपोआप लागतो, हे बरोबर आहे. पण त्याच हवेवर काउंटरबॅलन्स सिलेंडर स्लाइडचं वजन उचलून धरत असतो. ती हवा गेली की स्लाइड आणि वरची डाय यांचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. लायनिंग झिजलेलं असेल किंवा त्यावर तेल गेलेलं असेल, तर स्लाइड हळूच सरकायला लागते. म्हणून स्लाइड वर असेल तेव्हा आधी सेफ्टी ब्लॉक बसवायचा, मगच हवा सोडायची.

ब्लॉक बोलस्टर (खालची डाय बसते ती जाड प्लेट) आणि स्लाइड यांच्यामध्ये, डायच्या बाहेर, सपाट जागेवर उभा हवा. मोठ्या प्रेसला दोन लावा, समोरासमोर किंवा कर्णावर, म्हणजे स्लाइड तिरकी होणार नाही. स्क्रूचा ब्लॉक असेल तर तो हलका घट्ट होईपर्यंत फिरवा. ब्लॉकवर लिहिलेली क्षमता स्लाइड आणि वरची डाय मिळून होणाऱ्या वजनापेक्षा जास्त आहे का, ते बघा.

सेफ्टी ब्लॉक वजन पेलण्यासाठी असतो. प्रेसचा स्ट्रोक अडवण्याची ताकद त्यात नसते. ब्लॉक मध्ये असताना प्रेस चालू झाला तर ब्लॉक फुटून गोळीसारखा उडतो. म्हणून चांगल्या ब्लॉकला साखळीने बांधलेला एक इलेक्ट्रिक प्लग असतो. ब्लॉक उचलायचा तर प्लग सॉकेटमधून ओढावा लागतो आणि कंट्रोल तुटतं. तुमच्या ब्लॉकला असा प्लग नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या, फार खर्चाचं काम नाही. आणि वेल्डिंग शॉपमधून आणलेला पाइपचा तुकडा, लाकडी ओंडका किंवा जुन्या डायची प्लेट यांना ब्लॉक म्हणू नका.

मग हवा. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला तर पुढच्या पाइपातली हवा अडकून राहते. असा लॉकेबल व्हॉल्व्ह बसवा की जो बंद करताना पुढची हवा बाहेर सोडतो. सायलेंसरमधून फुस्स आवाज येतो आणि थांबतो. त्याला कुलूप लावा. काउंटरबॅलन्स आणि कुशन यांच्या टाक्यांचे ड्रेन व्हॉल्व्ह हाताने उघडा आणि प्रत्येकाचं गेज वेगवेगळं वाचा. ड्रेन उघडेच राहू द्या, नाहीतर गळक्या व्हॉल्व्हमधून दाब पुन्हा भरतो. जादा भारापासून प्रेसला वाचवणारी हायड्रॉलिक ओव्हरलोडची व्यवस्था असेल तर त्याचाही दाब पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उतरवा.

खात्री केल्याशिवाय हात नाही

कुलूप लागलं, हवा गेली, तरी अजून काम सुरू करायचं नाही. आधी प्रेस चालू करून बघायचा. सगळ्यांना बाजूला करा, सिलेक्टर प्रत्येक मोडवर फिरवा, मोटरचं बटण दाबा, दोन्ही हातांची बटणं एकदम दाबा, फीडरचं बटण दाबा. काहीच हललं नाही तर सिलेक्टर परत 'बंद'वर आणा. ही शेवटची गोष्ट राहिली तर वीज परत दिल्यावर प्रेस अचानक जागा होऊ शकतो.

विजेच्या कामासाठी मल्टिमीटरने तपासा, आणि तपासायचा क्रम असा: आधी चालू असल्याचं माहीत असलेल्या ठिकाणी मीटर लावून तो बरोबर दाखवतोय ना ते बघा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर तिन्ही फेज एकमेकांशी आणि प्रत्येक फेज अर्थशी तपासा, मग पुन्हा चालू ठिकाणी मीटर तपासा. आयसोलेटरचा एखादा कॉन्टॅक्ट चिकटून राहिला असेल तर दोन फेज बंद आणि एक चालू असं होतं, आणि मोटर मात्र चालू होत नाही म्हणून सगळं बंद वाटतं. खिशातल्या दिव्याच्या टेस्टरवर जीव टाकू नका.

"साहेब, दोन मिनिटांचं काम आहे"

अपघात या वाक्यापाशी होतात. स्क्रॅपचा तुकडा डायमध्ये अडकला, पंचला पत्रा चिकटला, सेन्सर थोडा हलला. एवढ्यासाठी कुलूप? माझं उत्तर ठाम आहे. हात किंवा शरीराचा कुठलाही भाग डायच्या आत जाणार असेल तर हो. हात न घालता काम होत असेल, म्हणजे चुंबकी दांडीने, लांब चिमट्याने किंवा आकड्याने तुकडा निघत असेल, तर ते प्रेस थांबवून, गार्डच्या बाहेर उभं राहून काढा. म्हणून प्रत्येक प्रेसला ही हत्यारं टांगलेली असायला हवीत. ती नसली की हातच आत जातो.

लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) आहे ना, असंही म्हणतात. लाइट कर्टन उत्पादन चालू असताना ऑपरेटरचं रक्षण करतो. तो कंट्रोलमधून काम करतो. सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकला किंवा ब्रेक घसरला तर तो काही करू शकत नाही. दुरुस्तीच्या वेळी त्याच्यावर विसंबता येत नाही.

खरी अडचण डाय सेटिंगची आहे, कारण तिथे स्लाइड हलवावीच लागते. लहान प्रेसवर हे काम मोटरला कुलूप लावून, फ्लायव्हील हाताने किंवा टर्निंग बारने फिरवून करता येतं. बार असा घ्या की हात सोडला की स्प्रिंगने आपोआप भोकातून बाहेर येतो. चाकात विसरलेला बार मोटर चालू झाल्यावर शेडभर उडतो. मोठ्या प्रेसवर इंचिंग, म्हणजे बटणाने स्लाइड थोडी थोडी हलवणं, लागतं, तेव्हा क्रम असा: सगळे बाहेर, हत्यारं बाहेर, काउंटरबॅलन्सची हवा देऊन ब्लॉक बाहेर, आपापली कुलपं काढायची, एकाच माणसाने दोन्ही हातांनी इंचिंग करायचं, स्लाइड हवी तिथे आली की थांबवायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून: कुलूप, ब्लॉक, हवा, खात्री. कंटाळा येतो हे मान्य. पण प्रत्येक वेळी इंचिंग झाल्यावर प्रेस पुन्हा जिवंत झालेला असतो.

शिफ्ट बदलली, किल्ली हरवली, बाहेरचा माणूस आला

शिफ्ट बदलताना काम अर्धवट असेल तर येणाऱ्याने आपलं कुलूप आधी लावायचं, मग जाणाऱ्याने आपलं काढायचं. मध्ये एक क्षणही हास्प रिकामा राहू नये. दोघांनी प्रेससमोर उभं राहून कुठवर काम झालंय ते बोलावं.

सर्व्हिस इंजिनीअर किंवा कंत्राटदाराचा माणूस आला तर त्यालाही त्याचं कुलूप द्या आणि तुमचंही लावा. अशा वेळी अधिकाऱ्याच्या एकट्या कुलपावर सगळ्यांचं काम चालवण्याची पद्धत दिसते. ती चुकीची आहे. कंत्राटी माणूस त्या प्रेसला नवा असतो आणि त्यालाच सर्वात कमी माहिती असते.

कुणी कुलूप लावून घरी गेला आणि किल्ली त्याच्याकडे राहिली, तर आधी त्याला फोन करा. तो कारखान्यात नाही याची खात्री करा, प्रेसभोवती आणि आतमध्ये कोणी नाही हे स्वतः पाहा, आणि मग मेंटेनन्स प्रमुखाने लेखी नोंद करून कुलूप कापावं. दुसऱ्या दिवशी तो माणूस कामावर आला की प्रेसकडे जायच्या आधीच त्याला हे कळलं पाहिजे. नाहीतर आपलं कुलूप अजून आहे या समजात तो थेट प्रेसमध्ये हात घालेल.

परत चालू करताना

घाई इथे सर्वात जास्त असते, कारण आतापर्यंत चार जण येऊन "झालं का?" विचारून गेलेले असतात. हत्यारं मोजून परत पेटीत ठेवा. बोलस्टरवर राहिलेला एक पाना पहिल्या स्ट्रोकला डायही फोडतो आणि माणसालाही लागतो. काढलेले गार्ड आणि फ्लायव्हीलचं कव्हर सगळ्या बोल्टसह बसवा. दोन बोल्टांवर लटकणारं कव्हर बसवलेलं धरू नका.

मग ड्रेन बंद करून फक्त काउंटरबॅलन्सची हवा द्या, विजेची कुलपं तशीच ठेवून. स्लाइडचं वजन पेललं गेलं की बाजूला उभं राहून, खाली शरीर न नेता, ब्लॉकचा स्क्रू सैल करा आणि ब्लॉक काढा. सगळे बाहेर आलेत हे नावं घेऊन मोजा. त्यानंतर प्रत्येकाने आपलं कुलूप स्वतः काढायचं. दुसऱ्याचं कुलूप काढून देण्याचा उपकार कोणी करू नये.

क्लचची हवा आणि वीज दिल्यावर पहिले काही स्ट्रोक पत्रा न घालता, गार्ड लावून, दोन हातांच्या बटणांवर मारा. स्लाइड वर येऊन ठरलेल्या जागीच थांबते का, की थोडी पुढे घसरते, ते बघा. घसरत असेल तर ब्रेक पुन्हा उघडायचा, माल कितीही अडला असला तरी. लाइट कर्टन मध्ये काठी घालून तपासा, इमर्जन्सी स्टॉप एकदा दाबून बघा. हे सगळं जमलं की प्रेस ऑपरेटरच्या ताब्यात द्या आणि लॉगबुकात काम, वेळ, कुलपं लावणाऱ्यांची नावं आणि सेफ्टी ब्लॉक त्याच्या स्टँडवर परत गेल्याची नोंद एकाच ओळीत करून दोघांच्या सह्या घ्या.